प्रीतमच्या तोंडी माझं वाक्य

आमच्या मेडिकल कॉलेजात पेशंटच्या खाटेभोवती मुलं उभी करून शिकवतात, त्याला क्लिनिक म्हणतात. सकाळी दहाच्या सुमारास पलीकडच्या वॉर्डातून हशा ऐकू आला की समजायचं, डॉक्टर प्रीतम रामटेकेचं क्लिनिक सुरू झालं. तापानं फणफणलेल्या आणि दम लागलेल्या माणसांच्या वॉर्डात एवढं हसण्यासारखं काय असतं, असं मी एकदा पुष्पलता सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "पेशंटच हसवून राहिले मॅडम. सर त्यायले बोलतं करतात न." मी म्हटलं, छान. मग दिवसभर माझं डोकं दुखत राहिलं.

मी डॉक्टर देवकी, मेडिसिनची प्राध्यापक. नागपुरात ज्या फिजिशियनच्या दवाखान्याबाहेर रांगा लागतात, त्यांतल्या निम्म्यांना स्टेथोस्कोप छातीवर कुठे टेकवायचा हे मी शिकवलंय. प्रीतमलाही मीच शिकवलं. कुहीहून आलेला, बोलताना खाली बघणारा मुलगा. एमडीला माझ्या हाताखाली होता. त्याचा प्रबंध मी इतक्यांदा परत पाठवला की शेवटी कंटाळून मीच बसून सरळ केला. आता तो सहयोगी प्राध्यापक आहे, शेजारच्या युनिटमध्ये. खाली बघत नाही. आणि मुलं त्याच्या मागे गुळाला मुंगळे लागावेत तशी.

लोक म्हणतात, शिष्य पुढे गेला की गुरूची छाती फुगते. असेल कोणाची फुगत. माझ्या छातीत कळ येते, आणि ती हृदयाची नाही हे कळण्याइतकं माझं शिक्षण झालेलं आहे. शिक्षक दिनाला त्याच्या टेबलावर फुलं मावत नव्हती म्हणून त्यानं चार गुच्छ आमच्या टेबलांवर आणून ठेवले. किती मोठं मन! माझ्या वाट्याला आलेल्या गुच्छावर 'आमच्या लाडक्या सरांना' अशी चिठ्ठी तशीच टोचलेली होती.

पण खरं दुखणं गुंजनचं होतं.

दरवर्षी एमडीच्या पहिल्या वर्षाची मुलं आपल्याला कोणता मार्गदर्शक हवा ते विभागात लिहून देतात. गेल्या वर्षी माझं नाव कोणीच लिहिलं नाही. योगायोग, असं विभागप्रमुख म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. यंदाची माझी निवृत्तीआधीची शेवटची बॅच. यानंतर माझ्या हाताखाली कोणी येणार नाही. आणि या बॅचमधली मला एकटी गुंजन हवी होती. पोटाला हात लावण्याआधी आपले हात चोळून गरम करणारी मुलगी ती. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, घरूनच घेऊन आलीय. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते. माझ्याच युनिटला होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग लक्षात आलं की पावणेदहा वाजले की तिची नजर घड्याळाकडे जाते, आणि माझा राउंड संपला रे संपला की ती पलीकडच्या वॉर्डाकडे जवळजवळ पळते.

एक दिवस मीही गेले. कामासाठी गेले असं मी स्वतःला सांगितलं. कोणत्या कामासाठी, ते विचारू नका. दाराच्या आड उभी राहिले. आत एका म्हाताऱ्याच्या खाटेभोवती गर्दी होती, काही मुलं शेजारच्या रिकाम्या खाटेच्या कडेवर टेकलेली. प्रीतम म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन बोलत होता.

"लक्षात ठेवा," तो म्हणाला, "पडदा ओढल्याशिवाय तापाला नाव द्यायचं नाही."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण ते वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं.

आमच्याकडे पावसाळा सरताना धानाच्या शेतातून, गवतातून एक ताप येतो. डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा चावतो आणि तिथे काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. आणि असते कुठे, तर काखेत, जांघेत, छातीखाली. ती दिसली तर साध्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. नाही दिसली तर आपण व्हायरल, व्हायरल म्हणत बसतो आणि पेशंटची फुप्फुसं भरत जातात. म्हणून ताप आलेल्या प्रत्येक माणसाला पडद्याआड घेऊन टाळूपासून तळव्यापर्यंत बघायचं. हे मी ठरवलं, मी शिकवलं, आणि मुलांच्या डोक्यात बसावं म्हणून ते वाक्य मी बनवलं. तेव्हा हा प्रीतम शेवटच्या रांगेत उभा राहून अंग चोरत होता.

आता सगळी मुलं ते लिहून घेत होती. गुंजनही.

आपली ठेवणीतली पैठणी दुसरीनं नेसावी, लग्नात मिरवावं, आणि बायकांनी तिलाच विचारावं की कुठून घेतली, तसं मला झालं. खोलीत आले. चहा आला तो तसाच थंड झाला. निदान एकदा तरी म्हणायचं होतं, देवकी मॅडमनी शिकवलं म्हणून. एवढ्यानं त्याची जीभ झिजली असती का? गुंजनला हे कळलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. तिनं जे वाक्य इतक्या भक्तीनं उतरवून घेतलं त्याची विहीर कुठे आहे, हे तिला कळलं असतं तर ती नाव कोणाचं लिहिणार होती? माझंच.

नावं देण्याचा दिवस उजाडला. त्या सकाळी मी राउंड जरा झपाट्यानं घेत होते. आजकाल तसाच घेते. मुलं घड्याळ बघायला लागण्याआधी आपणच संपवलेलं बरं, त्यात निदान मान राहतो. बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर भीमाबाई होती, पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. ताप, डोकेदुखी, अंग मोडून आलेलं. मी पायथ्याशी उभी राहून रिपोर्ट चाळले. मलेरिया नाही, डेंगू नाही, प्लेटलेट थोड्या कमी.

"व्हायरल," मी म्हटलं. "सलाईन चालू ठेवा. पुढे."

सगळे पुढच्या खाटेकडे वळले. गुंजन वळली नाही.

"मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली. "पडदा ओढून पाहू का? प्रीतम सर म्हणतात, पडदा ओढल्याशिवाय तापाला नाव द्यायचं नाही."

वॉर्डात एरवी केवढा गोंगाट असतो. तो तेव्हाही असेल, मला ऐकू आला नाही. बाकीच्या मुलांनी एकदम आपापल्या बुटांचा अभ्यास सुरू केला. माझे कान तापले. माझंच वाक्य, माझ्याच वॉर्डात, मलाच, आणि वरून प्रीतम सर म्हणतात!

"पाहा," मी म्हटलं. "तुमच्या सरांचं समाधान होऊ द्या."

हे मी ज्या आवाजात म्हटलं तो आवाज माझ्या सासूबाईंचा होता. गुंजनचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. पुष्पलता सिस्टरनी पडदा ओढला. आम्ही बायका आत, मुलगे बाहेर.

"डोक्सं दुखते म्हणून आली मी," भीमाबाई कुरकुरली, "अन् तुमी लुगडं सोडून राहिल्या. काहून वं माय?"

"दोन मिनिटं, मावशी," गुंजन म्हणाली. हात चोळून गरम केले. मग मान, काख, पाठ, पोट. मी घड्याळ बघत होते. काही नसावं, असं मला वाटत होतं. हो, वाटत होतं. आजारी बाईच्या अंगावर काही सापडू नये आणि एक पोरगी तोंडघशी पडावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

गुंजननं डावा स्तन हलकेच उचलला. खाली, घडीत, विडीचा चटका बसावा तशी काळी गोल खपली.

"हे केव्हाचं, मावशी?"

"ते? धानात निंदाले गेलती तवा चावलं असन काही. दुखत नाही ते. डोक्स्याचं पाहा न."

गुंजननं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत विजय असता तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी करता आला असता. तिथं नुसती काळजी होती, आणि ती भीमाबाईची नव्हती. माझी होती. मॅडमना वाईट वाटलं असेल का, असं ते पोर बघत होतं.

"डॉक्सीच्या गोळ्या सुरू करा," मी म्हटलं. "लगेच." आणि पडदा बाजूला करून बाहेर आले. पॅसेजमध्ये माझ्या मागे दोन मुलगे कुजबुजत होते. "प्रीतम सर भारी आहेत ना पण," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "सरांनी वाचवली यार आज तिला."

दुपारी विभागात गेले तर कारकुनाच्या टेबलावर मुलांनी दिलेली नावं होती. गुंजनच्या नावापुढे प्रीतम रामटेके. सुवाच्य अक्षरात.

मी तिथून थेट प्रीतमच्या खोलीवर गेले. दार न ठोठावता आत शिरले. तो डबा खात होता. मला बघून ताडकन उभा राहिला, तोंडात घास तसाच, जसा वीस वर्षांपूर्वी राहायचा.

"बसा न, मॅडम."

"मी बसायला नाही आले. ते वाक्य कोणाचं आहे?"

"कोणतं?"

"भोळा बनू नकोस, प्रीतम. पडद्याचं. पोरांसमोर जे आपलं म्हणून मिरवतोस ते."

त्यानं घास गिळला. हात धुतले. माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः उभाच राहिला.

"तुमचं आहे," तो म्हणाला.

"मग माझं नाव घेताना काय होतं तुला? काहून? लाज वाटते? मी काय मागितलं होतं तुझ्याकडे, पगार? तुझ्या प्रबंधाचा एकेक कागद मी सरळ केलाय. आणि माझीच पोरगी माझंच वाक्य मला ऐकवते, तुझ्या नावानं. आज तिनं तुझं नाव लिहून दिलं. माझी शेवटची बॅच होती ती. तुला काही कमी होतं का रे?"

एवढं सगळं बोलले. आवाज चढला होता, बाहेर ऐकू गेलं असणार. जाऊ दे, म्हटलं. प्रीतम खाली बघत होता. कितीतरी वर्षांनी मी त्याला खाली बघताना पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

"मी तुमचंच नाव घेत होतो, मॅडम," तो म्हणाला. "नोकरीले लागलो तवापासून. प्रत्येक बॅचले सांगायचो, हे देवकी मॅडमचं आहे, त्यायच्या राउंडले जा, कसं पाहतात ते पाहून या. पाठवत होतो मी पोरायले तुमच्याकडे."

"मग?"

"जाऊ द्या न, मॅडम."

"मग काय झालं, प्रीतम?"

तो टेबलाची कड बोटानं घासत राहिला. "पोरं जाऊन यायची अन् मले विचारायची. सर, तुम्ही तं सांगता मॅडम पडदा ओढतात. मॅडम तं पायथ्याशी उभ्या राहून रिपोर्ट पाहतात न पुढं जातात. एक बॅच बोलली, दुसरी बोलली. तिसरीतला एक हसला. मले ते ऐकवलं नाही. वाक्य तं सोडता येत नव्हतं, पेशंट मरतात. मंग तुमचं नाव काढून टाकलं."

मी खुर्चीत बसले. बसायचं ठरवलं नव्हतं.

सबबी तयार होत्या. नव्वद पेशंट असतात, मीटिंगा असतात, गुडघे दुखतात. यातलं सगळं खरं होतं. त्यालाही नव्वदच असतात, हेही खरं होतं. मला त्याचा हेवा वाटत होता तो त्या क्षणी कुठेतरी विरला, आणि त्याच्या जागी दुसरा आला, याहून जळजळीत. तो त्या बाईचा होता, जिच्यामागे शेवटच्या रांगेत उभा राहून हा मुलगा शिकला. ती खाटेच्या पायथ्याशी कधी उभी राहत नसे. ती मला कुठं भेटणार होती आता?

"गोळ्या वेळेवर सुरू झाल्या म्हणे बाईच्या," प्रीतम म्हणाला. त्याला विषय बदलायचा होता.

"हो."

"गुंजन आली होती मघाशी. लई विचारते ती. सर, हे वाक्य तुम्हाले सुचलं कसं म्हणे. मी काही बोललो नाही अजून." तो आता माझ्याकडे बघत होता. "नाव अजून बदलता येते, मॅडम, संध्याकाळपर्यंत. तिले कळलं तं ती तुमच्याकडेच येईन. सांगू का, तुमचं आहे म्हणून?"

गेले कित्येक दिवस मला एवढंच हवं होतं.

"नको," मी म्हटलं. "तिनं सकाळी पाहिलंय मला."