चौघांचा डबा

मास्तरांचं घोडं रक्तदाबावर अडलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसलेला, पण दाब उतरत नाही तोवर डोळ्याला हात लावणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. सुईत दोरा ओवता येईना म्हणून शिलाईचं दुकान बंद. दुकान बंद, म्हणून माणसंही बंद. पूर्वी बाही आखूड झाली म्हणून भांडायला का होईना, कोणीतरी यायचं. आता दिवसभर फक्त रेडिओ बोलायचा, आणि तो मास्तरांचं काही ऐकून घेत नसे.

पहिल्या खेपेला दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं होतं, "घरी किती माणसं, काका?"

"चार," मास्तर म्हणाले. बायको, मुलगा, सून आणि ते स्वतः. उत्तर जुनं होतं. बायको गेली, मुलगा-सून नोकरीपायी लांब गेले, पण तोंडाला चारचीच सवय. लगेच दुरुस्त करता आलं असतं. खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटली.

मास्तर तयार सुपाच्या डब्यांवर भागवतात हे कळल्यावर सिस्टरनं त्यांना डब्यावरचा तक्ता वाचायला शिकवलं. "हे सोडियम. ते मुख्यतः मिठातून येतं, त्यानं दाब चढतो. दोन डबे शेजारी धरायचे, ज्याचा आकडा कमी तो घ्यायचा. तुम्ही चौघं, डबाही चौघांचा, म्हणजे हा आकडा तुमच्या एकट्याच्या वाट्याचा."

जन्मभर मापं घेतलेला माणूस. भिंग घेऊन ते किराणा दुकानाच्या फळीसमोर असे उभे राहायचे, की दुकानदार म्हणायचा, "मास्तर, सूप घ्यायचंय की डब्याला सदरा शिवायचाय?" एकदा पुढून 'हलकं, पौष्टिक' म्हणून मिरवणारा डबा मागच्या तक्त्यात सगळ्यांत खारट निघाला. मास्तरांनी दुकानदाराची चांगली खरडपट्टी काढली. किती दिवसांनी भांडायला माणूस मिळाला, म्हणून घरी पोचेपर्यंत ते खुशीत होते.

घरात पाऊल टाकलं की ती खुशी उतरायची. भाजी चिरायला घेतली तर बोट कापायचं, त्यापेक्षा सूप बरं. अर्धा डबा दुपारी, अर्धा रात्री. टेबलाच्या बाकीच्या तीन खुर्च्यांवर त्यांनी उरलेल्या कापडाचे गठ्ठे ठेवले होते. रिकाम्या खुर्च्या बघवत नसत.

तिसऱ्या खेपेला दाब आणखी वर चढलेला. "गोळी वाढवू. ऑपरेशनचं पुढे बघू," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

सिस्टर बुचकळ्यात पडली. मास्तरांनी पिशवीतून रिकामा डबा काढून तिच्यापुढे ठेवला.

"अख्ख्या दुकानात याच्याहून कमी आकडा नाही. चारशे! बघा तुम्हीच."

"मग झालं तर. वाटीला चारशे, डब्यात चार वाट्या. चौघांत मिळून एक डबा संपवता ना, काका?"

मास्तरांनी भिंग लावलं. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ओळ होती: प्रमाण एका वाटीचं, डब्यात चार वाट्या. आकड्याच्या नादात ती त्यांनी कधी वाचलीच नव्हती. चार चोक सोळा. सोळाशे. बायको, मुलगा आणि सून यांच्या वाटणीचं मीठही रोज त्यांच्याच पोटात जात होतं.

नुसती मान हलवली असती तर चौघांचं घर शाबूत राहिलं असतं. गोळी वाढली असती, ऑपरेशन पुन्हा लांबलं असतं आणि दुकान कायमचं बंद झालं असतं. मास्तरांनी डबा उगाच फिरवून पाहिला.

"डबा मी एकटा खातो, सिस्टर. सगळा. घरी दुसरं कोणी नाही."

सिस्टरनं डबा बाजूला ठेवला. मग उठून डॉक्टरांशी बोलून आली. "गोळी आहे तीच ठेवायची म्हणालेत. आता एका वेळी एकच वाटी, बाकीचं फ्रीजमध्ये. सोबत बिनमिठाची उकडलेली भाजी. चिरलेली मिळते, तीच आणा. दाब उतरला की तारीख देऊ. त्या दिवशी डोळ्याला पट्टी असेल, घरी न्यायला माणूस लागेल. कोणाला..."

ती मध्येच थांबली.

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. एकदा बोलून झालं होतं, तरी दुसऱ्यांदा काही सोपं गेलं नाही. "माझ्यासाठी कोणी बघाल का?"