खाली कोण उभं राहणार

गुरुदासने गादी आधी हाताने दाबून पाहिली, मग चपला काढून तिच्यावर उभा राहिला. गादी बरी होती. मग त्याने छताला टांगलेली दोरी धरली, दोन्ही पाय उचलून लोंबकळला आणि वरच्या तुळईचा आवाज ऐकत राहिला. तुळई कुरकुरली नाही.

"इंजिनियर आहात की काय?" कुडाळच्या व्यायामशाळेतल्या सरांनी हसत विचारलं.

"नाही. पाडेली आहे. माडांवर चढून नारळ पाडतो."

सरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी नियम सांगितले. आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा. शिकवताना दार बंद. आईबापांनी आत थांबायचं नाही, पोरं बिचकतात. सहा वाजता येऊन घेऊन जायचं.

दार बंद, हे ऐकून गुरुदासला बरं वाटलं. त्याने खिडक्या पाहिल्या. त्याही उंचावर होत्या. बाहेरून काही दिसलं नसतं.

त्याची मुलगी शेवंती नऊ वर्षांची होती. शाळेच्या मैदानात दोरीच्या मल्लखांबावर ती इतर मुलींच्या आधी वर पोहोचली, तेव्हा बाईंनी गुरुदासला बोलावून घेतलं होतं. जिल्हा वेगळा झाल्याला पाच वर्षं झाली होती आणि आता जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलींचाही संघ जाणार होता. बाई म्हणाल्या, हिला नीट शिकवणाऱ्याकडे घाला. एक जागा कुडाळात आहे, एक मालवणात. तुमचं चौके गाव मधोमध, दोन्हीकडे एस.टी. जाते. सोमवारपर्यंत काय ते सांगा.

त्याने लगेच नाही म्हटलं असतं. पण तिची आई यशोदा जाऊन आठ महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत शेवंतीने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

यशोदा माडावरून पडली नव्हती, की विहिरीत गेली नव्हती. अंगणातल्या लाकडांच्या राशीतून चुलीसाठी दोन ढलप्या काढताना तिला फुरसं चावलं. गुरुदास तेव्हा एका बागेत अठराव्या माडावर होता. त्या दिवसापासून शेवंती दगडावर बसली तरी तो आधी दगड हलवून बघायचा. ती विहिरीकडे गेली की मागे जायचा. झोपेत ती खोकली तर उठून बसायचा. स्वतः मात्र सकाळी उठून पंचवीस माड चढून यायचा. त्यात त्याला काही वाटत नव्हतं.

शनिवारी तो शेवंतीला घेऊन मालवणला गेला. हरिश्चंद्र गुरुजींची व्यायामशाळा म्हणजे देवळामागची पत्र्याची शेड. खाली समुद्रावरून आणून टाकलेली जाड वाळू, गादी नाही. आणि दोरीखाली हात वर करून एक बाई उभी होती. मासे विकून ती थेट आली होती, टोपली कोपऱ्यात होती. वर तिचा मुलगा उलटा लटकत होता.

गुरुजी सत्तरीचे होते. दोन पोरं झेलताना त्यांचा उजवा खांदा गेला होता.

"माझो हात आता चलना नाय," ते म्हणाले. "म्हणान हयचो नियम असो. ज्याचा पोर, तेना खाली उभ्या रवायचा. हात वर, नजर वर. नजर काढूची नाय."

मुलगा खाली उतरला तशी ती बाई कंबर धरून बाजूला झाली. "भिया नको हां," ती गुरुदासला म्हणाली. "काल माझो झिल माझ्यार पडलो. तो हसता आणि मी अजून कंबर धरून आसंय."

"तुझ्यार पडलो म्हणान वाचलो," कडेला उभा असलेला, काड्यांसारख्या हातांचा भिकाजी शिंपी म्हणाला. "माझ्यार पडलो असतो तर माझी हाडां लागली असती तेका."

सगळे हसले. गुरुदासही हसला.

शेवंतीने फ्रॉकखाली चड्डी घातली होती. तिने दोरीला हात लावून नमस्कार केला आणि पायाच्या अंगठ्यात दोरी धरून चढायला लागली. पकड बरोबर होती, हे त्याने पाहिलं. ती त्याच्या डोक्यापर्यंत गेली, तोवर तो बघत होता. तिथून पुढे त्याची मान वर होईना.

"वर बघ रे," गुरुजी म्हणाले.

त्याने हात वर धरले. मान तशीच राहिली. समोर वाळू होती, वाळूत त्या बाईच्या पावलांचे खळगे होते. दोरी ताणल्याचा आवाज आला, मग थांबला. ती किती वर आहे, एका हातावर आहे की दोन, काही कळत नव्हतं. बारा वर्षं यशोदा त्याच्याबरोबर नारळ गोळा करायला आली होती. तो वरून हाक मारायचा, ती खालून ओ द्यायची. खाली याहून जास्त काही असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवंती उतरली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"चेडवाची पकड बरी आसा," गुरुजी गुरुदासला म्हणाले. "पण तू बघनस नाय. तसा चलाचा नाय. घरात आणखी कोण आसा?"

"कोण नाय."

सोमवारी सांगतो, असं म्हणून गुरुदासने मुलीचा हात धरला.

एस.टी. स्टँडवर गाडीला वेळ होता. त्याने तिला शेंगदाणे घेऊन दिले.

"कुडाळ बरा," तो म्हणाला. "थंय गादी आसा."

शेवंतीने शेंगदाणे मुठीत धरले. खाल्ले नाहीत.

"वर गेल्यार तुका भय नाय वाटणा?" त्याने विचारलं.

"वर कसला भय? वर दोरी असता हातात."

"मगे?"

तिने शेंगदाण्यांची मूठ फ्रॉकच्या खिशात रिकामी केली.

"खाली वाटता," ती म्हणाली. "तू माडार असतस तेव्हा. आये होती तेव्हा आमी दोघी वर बघत रवायचो. तुझे पाय दिसले काय ती म्हणायची, बरो आसा. आता तू झावळांत गेलस काय माका काय्येक दिसणा नाय."

गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी ती बागेत त्याच्याबरोबर यायची, नारळ गोळा करायची. हाक मारली की ओ द्यायची. त्याला वाटायचं, पोर कामाला लागली, बरं झालं.

फलाटावर गाडी लागली. माणसं उठली. गुरुदास बाकावरच बसून राहिला.

"तुका खंय जावचा?" त्याने विचारलं. "खरा सांग."

"मालवणात."

"थंय वाळू आसा नुसती."

"असांदे." ती खाली बघत म्हणाली, "तेवढो वेळ तू खाली असतलस."

कंडक्टरने दारातून विचारलं, चौके का? गुरुदासने मान हलवून नाही म्हटलं. गाडी गेली.

ते परत देवळामागे आले तेव्हा माणसं पांगत होती. गुरुजी दोरीचं टोक वर बांधून ठेवत होते. त्यांनी दोघांना पाहिलं आणि दोरी पुन्हा खाली सोडली.

गुरुदासने चपला काढल्या आणि वाळूत उतरला.

"नेमको खंय उभो रवू?" त्याने विचारलं.