दोन्ही हात वर

पासलीच्या रतनबाईनं धावती इंटरसिटी थांबवली, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. भोरात कुणी सांगेल, हा झुल्फिकार टेम्पोवाला, म्हणजे मी, वाढवून सांगतो. सांगू द्या. त्या गाडीचा वेगच एवढा होता की वाढवायला जागा नव्हती.

रतनबाईच्या लेकीचं, रत्नाचं, त्या संध्याकाळी मिरजेला डोहाळजेवण. विहीणबाईंनी आधीच टोमणा मारलेला, "डोंगरातली माणसं, पंगत उठल्यावर उगवतील." पहिली ओटी आपणच भरायची, तीही घरच्या तांदळानं, हे रतनबाईनं तेव्हाच ठरवलं. नसरापूरला एसटीतून उतरून ती माझ्या टेम्पोत बसली. वाटेत टेम्पो पंक्चर. नीरा स्टेशनात पोचलो तर पॅसेंजर निघून गेलेली.

"आता मागनं जलद गाडी हाय," मी म्हणालो, "पर ती हितं थांबत न्हाई."

"अशी कशावर चालती ती?"

"डिझेलचं इंजिन आत वीज करतं. त्या विजेवर चाकं फिरत्यात."

"म्हंजी लग्नातला जनरेटर! त्याचा एवढा तोरा?"

तांदळाचं बोचकं डोक्यावर घेऊन ती फलाट संपवून पुढं निघाली. मी मागनं हाका मारतोय. रुळांपासून लांब उभी राहिली आणि गाडी दिसताच, वेल्ह्याच्या फाट्यावर एसटीला दाखवावा तसा हात दाखवला.

गाडीनं भोंगा दिला. असा दिला की नीरेतल्या म्हशींनी त्या दिवशी दूध न देता थेट दहीच दिलं.

"भाऊ, ह्यास्नी एक हात दिसंना," म्हणत तिनं बोचकं खाली ठेवलं आणि दुसराही हात वर केला.

आता तिला काय ठाऊक! रेल्वेत दोन्ही हात वर म्हणजे पुढं धोका. ब्रेक कचकन लागले. माझी टोपी उडाली ती लोणंदच्या बाजारात पडली. गाडी मात्र थांबली.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आजी, काय झालं? रूळ तुटलाय?"

"रूळ धडधाकट हाय. मिरजंला जायचंय."

"गाडी अशी हात दाखवून थांबत नाही!"

"थांबली की, बाबा."

गार्ड धापा टाकत आला. "पोलिसात देईन तुम्हाला!"

"द्या. पर मिरजंच्या पोलिसात द्या."

गार्डनं घड्याळ पाहिलं. गाडीला आधीच उशीर, वाद घालायला वेळ कुणाला? तिला डब्यात चढवलं, साथीदार म्हणून मलाही.

गार्डनं पुढं कळवलं होतं, त्यामुळं मिरजेच्या फलाटावर फौजिया नावाची पोलीस पोरगी वाट बघत होती. रतनबाईनं तिला बजावलं, "आधी लेकीची वटी, मग तुजी कोठडी. त्याबगर मी हलत न्हाई." फौजियानं बोचकं पाहिलं, आजीचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं जीप काढली.

मांडवात शिरलो तेव्हा अजून पानंही मांडली नव्हती. खाकी वर्दी बघून सगळं व्याह्यांचं घर उभं राहिलं. विहीणबाई घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, पोलीस कशाला?"

रत्नाच्या पदरात तांदूळ घालत रतनबाई म्हणाली, "उशीर हुयाला नगं म्हनून."