थोरलीच्या आधीचा

थोरलीचा कशावरच पटकन विश्वास बसायचा नाही, आणि त्यात तिचा तरी काय दोष? मोठ्या दुकानात परत आलेल्या मालाच्या काउंटरवर बसायचं म्हणजे दिवसभर थापा ऐकायच्या. इस्त्री करपवून आणायची आणि म्हणायचं, खोक्यातून काढली ती अशीच. बूट महिनाभर झिजवायचे आणि म्हणायचं, पायात घातलेच नाहीत हो, चावतात. न घातलेला बूट चावतो कसा, हे थोरली इतक्या गोड आवाजात विचारायची की समोरच्याची बोबडी वळायची. घरात तिला फौजदार म्हणत. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

आणि अशा फौजदाराचीच आई दृष्टीवाल्या बाईंच्या नादी लागली! वडील गेल्यावर आई अगदी एकटी पडली होती. शेजारीण एकदा तिला त्या बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आईचा हात धरला, डोळे मिटले आणि सांगितलं, "जाताना ते चष्मा शोधत होते." आई तिथंच विरघळली. "अगं, म्हातारपणी चष्मा कोण शोधत नाही?" असं थोरली म्हणाली मात्र, आईने दोन दिवस अबोला धरला.

बाई कुणाकडून काही घेत नसत. लोकांना त्याचंच कोण कौतुक. थोरलीला मात्र त्याचाच जास्त संशय. पैसे घेत नाहीत म्हणजे दुसरं काहीतरी घेत असणार, असं तिचं म्हणणं. काय, ते तिला सांगता यायचं नाही.

इथपर्यंत सगळं चेष्टेवारी चाललं होतं. मग आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आता काढली तर फारसा घोर नाही, थांबलात तर मी कसलीही हमी देणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या आठवड्यात आई बाईंकडे जाऊन आली आणि म्हणाली, "रद्द करा. सुरी लावू नका म्हणाल्या. त्यांना वरून तसं सांगितलंय."

धाकट्या भावाने विनवण्या केल्या, रागावला, रडलाही. आई ढिम्म हलेना. "डॉक्टरांना आतलं दिसतं, बाईंना पुढचं दिसतं," एवढंच तिचं पालुपद.

"ठीक आहे," थोरली म्हणाली. "मीही येते तुझ्याबरोबर. बघू तरी काय काय दिसतं ते."

सायकलींच्या दुकानाच्या वर बाईंची जागा होती. दोन खोल्या, स्वच्छ, भरपूर उजेड. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून खुर्च्या आणि पाण्याचा ट्रे घेऊन फिरणारी बाईंची नणंद. मायाळू बाई. पाणी द्यायची, शेजारी टेकायची, "किती वाळलात हो" म्हणायची. बसलेली माणसं तिच्यापाशी भडाभडा बोलायची आणि मग ती ट्रे भरायला म्हणून आत जायची. थोरलीने हे तीनदा पाहिलं आणि तिची कळी खुलली. अस्सं होय!

आई हात धुवायला उठली तशी थोरलीने डोळ्याला रुमाल लावला.

"काय झालं गं?" नणंदेने विचारलंच.

"आईला सांगू नका हं. माझ्याआधी एक मुलगा झाला होता तिला. जन्मला आणि गेला. ती कधी त्याचं नाव काढत नाही, पण मनातून झुरते."

भाऊ कुठला आणि काय कुठलं! बसल्या जागी रचलेली शुद्ध लोणकढी. नणंदेने तिची पाठ थोपटली आणि ट्रे उचलून ती आत गेली.

थोड्या वेळाने आत बोलावणं आलं. बाई साध्या होत्या, चाळिशीच्या, सर्दीने नाक लाल झालेलं. त्यांनी आईचा हात धरला आणि डोळे मिटले.

"कुणीतरी लहान आहे," त्या म्हणाल्या. "मुलगा. तुमच्या पोटाशी बसलाय. आईला सोडायला तयार नाही."

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. रस्त्यावर येईपर्यंत तिने कसंबसं तोंड दाबून धरलं आणि मग सगळं सांगून टाकलं. कशी थाप मारली, कशी ती ट्रेबरोबर आत गेली, कशी बाईंच्या तोंडून बाहेर आली. "पकडली की नाही? रंगेहाथ!"

आई हसली नाही. चालता चालता थांबली.

"तू होतीस तेव्हा?"

"कधी?"

"तुझ्याआधी एकदा माझे दिवस वर गेले होते. मग आपोआप मोकळी झाले. कुणाला बोलले नाही मी. तुझ्या बाबांनाही नाही."

"अगं आई, दिवस कुणाचेही पुढेमागे होतात! हा मुलगा मी रचलाय, मी!"

"मग बरोबर हीच थाप तुझ्या तोंडी आली कुठून?" आई शांतपणे म्हणाली.

लोकांची तोंडं बंद करणाऱ्या फौजदाराची भर रस्त्यात दातखीळ बसली.

पुढचं त्याहून वाईट होतं. संध्याकाळी जेवताना आईचा डावा हात सारखा पोटावर. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ती गाठ नव्हेच. तोच आहे. आणि तुम्ही त्याला कापून काढा म्हणताय." थोरली अर्धं ताट टाकून स्वयंपाकघरात उठून गेली.

"शाब्बास फौजदार!" धाकटा मागोमाग येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "एक बाई पुरत नव्हती, तर तू घरात एक भूतही आणून बसवलंस."

आई तर आता तिला हाकही वेगळी मारू लागली. थोरली नाही, मधली. "मधले, जरा पाणी दे गं."

चारेक दिवसांनी ती एकटीच बाईंकडे गेली. "तो मुलगा मी रचला. तुमच्या नणंदेला सांगितला, तिने तुम्हाला," तिने तोंडावर सांगितलं.

नणंद गोरीमोरी झाली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "ती सांगते की मला. कोण आलंय, काय दुःख आहे. त्यात लपवायचं काय? पण मी डोळे मिटले आणि मुलगा मला दिसला. त्याला मी काय करू?"

"मग आता असं दिसलं म्हणा की गाठ काढायला हवी."

"तसं मला सांगितलं गेलेलं नाही. खोटं कसं बोलू मी?"

थोरलीने त्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. नजर, ओठ, बोटांचा चाळा, जिथं जिथं लबाडी सापडते तिथं सगळीकडे शोधली. नव्हतीच. त्या बाईचा स्वतःवर पुरता विश्वास होता, आणि आता थोरलीला खरी भीती वाटली. लबाड असती तर तिच्याशी घासाघीस तरी करता आली असती.

दरम्यान आईचं पोट दुखू लागलं होतं. ती ओठ मिटून भिंतीला धरून चालायची आणि विचारलं की "तो जागा आहे" म्हणायची. डॉक्टरांचा दोनदा फोन येऊन गेला.

शेवटी एका सकाळी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती, तेव्हा थोरली तिच्यासमोर येऊन बसली.

"आई, तो आला होता माझ्याकडे."

आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. "कसा दिसतो?"

"बाबांसारखा."

"काय म्हणाला?"

"अडकलोय म्हणाला. आईला सांग, मला मोकळं कर. डॉक्टरांच्या हातून."

एखादी तरी शंका काढ गं, थोरली मनातल्या मनात म्हणत होती. एकदा तरी म्हण की काहीतरीच काय सांगतेस. पण आईने भरल्या डोळ्यांनी नुसती मान हलवली. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा उघड्या पाडल्या, तिची थाप एका दमात खपली. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. दारातून ऐकणारा धाकटा पाठ फिरवून निघून गेला.

ऑपरेशनच्या दिवशी आईला आत नेताना तिने स्ट्रेचरवरूनच थोरलीचा हात पकडला. "त्याला विचार ना. मी परत येईन ना गं?"

थोरलीने डोळे मिटले. आत नुसता अंधार होता. "येशील," ती म्हणाली.

आई परत आली. गाठ नीट निघाली, आता काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. थोरलीने मनाशी पक्कं केलं होतं की आईच्या अंगात जरा ताकद आली की खरं ते सांगून टाकायचं. आई चिडली तरी बेहत्तर.

चौथ्या दिवशी आई उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर तरतरी आली होती. थोरली तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याचं नावही काढलं नाही. रागावलाय का माझ्यावर? विचार की."

"आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"रागावलाय ना?" आईचा आवाज कापला.

"नाही," थोरली म्हणाली. "अजिबात नाही रागावला."

आईने इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मान वळवली. "मी सांगितलंय हो यांना तुझ्याबद्दल," आई म्हणाली. "उद्या ऑपरेशन आहे यांचं. फार घाबरल्यात बिचाऱ्या."

त्या बाई उठून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, दोन्ही हात मांडीवर. त्या थोरलीकडे असं बघत होत्या की तिला नजर चुकवता येईना.

"मला नाही हो काही कळत त्यातलं," थोरली म्हणाली. 'तो आला होता' म्हटल्यापासून बोललेली ही पहिली खरी गोष्ट. "खरंच काही दिसत नाही मला."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... पुढचं काहीच दिसत नाही? माझं?"

"अगं, असं काय अभद्र बोलतेस!" आई ओरडली.

"तसं नव्हे," थोरली घाईने म्हणाली, पण त्या बाई रडू लागल्या होत्या. थोरलीने स्टूल पुढे ओढलं, त्यांचा गार पडलेला हात हातात घेतला आणि डोळे मिटले.