रॉकव्हिलची वरची खोली

पत्ता शुक्रवारी दुपारी चारपर्यंत कळवायचा होता. शिक्षकांना अमेरिकेत आणणाऱ्या संस्थेची ती अट होती. पत्त्याशिवाय कागद पुढे सरकत नव्हते आणि सोमवारपासून देवयानी साळोखेला शाळेत हजर व्हायचं होतं.

देवयानीने इचलकरंजीत चौदा वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. आता तीन वर्षांच्या करारावर तिला वॉशिंग्टनच्या सीमेला लागून असलेल्या, मेरीलँडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीच शिकवायचं होतं. नुकतीच अमेरिकेत आलेली, साल्वाडोर, ग्वाटेमाला, इथिओपियाची मुलं. देवयानीचं वय एकोणचाळीस, लग्न केलेलं नाही, आई वर्षापूर्वी गेली, धाकटा भाऊ नकुल गावात. ऑगस्टमधल्या रविवारी ती विमानतळावर उतरली तेव्हा न्यायला उत्तराकाकू आल्या होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकट्या गाडी चालवत.

उत्तराकाकू म्हणजे मिरजेच्या मेडिकल कॉलेजात देवयानीच्या आत्याची रूममेट. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आल्या, पॅथॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त झाल्या. नवरा हेमचंद्र चार वर्षांपूर्वी गेला. मुलगी अनया रेडमंडला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. मेरीलँडमध्येच, पण वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला, रॉकव्हिलच्या चार बेडरूमच्या घरात त्या एकट्या राहत होत्या. पत्ता ठरेपर्यंत देवयानी त्यांच्याकडे उतरली होती.

पर्याय दोन होते. एक, शाळेपासून चालत बारा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावरची स्टुडिओ, म्हणजे एकच खोली, तिच्यातच ओटा. दुसरा पर्याय काकूंची वरची खोली. तिथून शाळेत जायचं तर काकूंच्या घराजवळून बस, मग मेट्रोची रेड लाइन, फोर्ट टॉटनला गाडी बदलून ग्रीन लाइन, मग पायी. दीड तास जायला, दीड तास यायला. नकाशा बघणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने स्टुडिओ सांगितली असती. देवयानीला काकूंची खोली हवी होती. पहिल्या रात्री काकूंनी मुगाची खिचडी केली आणि दोघी मिरजेच्या गोष्टी बोलत बसल्या, तेव्हाच तिने मनात ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी चहा घेताना काकू म्हणाल्या, "वरची रूम रिकामीच असते. तू इथे राहिलीस तर मला काही प्रॉब्लेम नाही."

"नको हो काकू. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"ओके," काकू म्हणाल्या आणि दूध फ्रिजमध्ये ठेवायला उठल्या.

बुधवारी काकूंनीच तिला स्टुडिओ बघायला नेलं. कार्पेट नवीन होतं, खिडकी पार्किंग लॉटवर उघडत होती. काकूंनी नळ सोडून बघितले, स्मोक डिटेक्टरचं बटण दाबून बघितलं. परत येताना बेल्टवेवर, शहराभोवतीच्या हायवेवर, गाड्या तुंबल्या होत्या. समोर बघतच काकू म्हणाल्या, "जागा वाईट नाही. पण आय मीन इट, देवयानी. रूम आहे. तुला हवी असेल तर."

"अहो, पहाटे पाचला उठून माझी खुडबूड सुरू होणार. तुमची झोपमोड. नकोच ते."

काकूंनी मान हलवली, सिग्नल दिला आणि लेन बदलली.

त्या संध्याकाळी नकुलचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"किती वेळा विचारलं त्यांनी?"

"दोनदा."

"मग झालं की. आता तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा हो म्हण."

"आणि नाही विचारलं तर?"

"का नाही विचारणार? मिरजेच्या आहेत त्या. ताई, पहिल्या झटक्यात हो म्हटलं असतंस तर म्हणाल्या असत्या, ही तर बॅगा टाकायलाच आलेली. आत्याकडं आपण चौथी पोळीसुद्धा नको म्हणूनच खायचो."

देवयानी हसली. गुरुवारचा अख्खा दिवस ती काकूंच्या आसपास राहिली. भाजी चिरून दिली, मागच्या अंगणातल्या झाडांना पाणी घातलं. काकू हवामानाविषयी बोलल्या. कुठल्या दुकानात गादी खोक्यात गुंडाळून मिळते ते सांगितलं. रात्री जेवताना त्यांनी पोळी दोनदाच विचारली. देवयानी दोन्ही वेळा नको म्हणाली आणि अर्धपोटी उठली. हे तिच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला काकूंनी दारातून विचारलं, "लीज साइन केलीस?"

"नाही अजून."

"चारची डेडलाइन आहे ना?"

"हो."

काकू दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वाय-फाय स्लो वाटलं तर खाली येऊन बस."

तीन चाळीसला देवयानीने फोनवर बोटाने सही केली.

*

स्टुडिओत आवाज तीन होते: फ्रिजचा, वरच्या मजल्यावरच्या पावलांचा आणि ऑक्टोबरपासून हीटरचा. शाळा सव्वातीनला सुटे. पावणेचारला देवयानी घरी असे आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत तिच्याशी बोलणारं कुणी नसे. काकूंच्या घरून जाण्यायेण्यात गेले असते ते तीन तास तिच्याकडे रोज शिल्लक होते. ती वह्या तपासायची. रविवारी डाळ शिजवून चार डब्यांत भरायची, बुधवारी चौथा डबा संपायचा. तळघरात कपडे धुवायला गेली की मशीन थांबेपर्यंत तिथेच खुर्चीवर बसायची, कारण कुणी आलं तर हॅलो म्हणायचं. बहुतेकदा कुणी येत नसे.

शेजारच्या दारावर नोव्हेंबरात पानांची माळ लागली. तिथे कोण राहतं हे तिला कळलं नाही.

काकूंचा फोन रविवारी सकाळी अकराला यायचा. वेळ कधी चुकली नाही.

"ठीक आहेस ना?"

"मजेत. तुम्ही?"

"चाललंय. काही लागलं तर सांग."

"नाही काकू, सगळं आहे."

सहा-सात मिनिटं. 'ये ना एकदा' असं काकू म्हणायच्या नाहीत आणि न बोलावता जायचं कसं, म्हणून देवयानी जायची नाही. दिवाळीला काकूंनी कुरिअरने चकल्या पाठवल्या. खोक्यात चिठ्ठी होती, 'आवडल्या नाहीत तर शाळेत वाट.' देवयानीने त्या एकटीने नऊ दिवस पुरवल्या.

काकूंना ती नको होती, असा तिने निष्कर्ष काढला होता. दोनदा विचारलं ते आत्याच्या नावाखातर. शिष्टाचार. तिने हे नकुललाही सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं राहून माणसं कोरडी होतात." ते तिला पटलं.

*

जानेवारीत सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा पारा शून्याच्या बराच खाली होता. देवयानीच्या वर्गात हिवोत नावाची तेरा वर्षांची मुलगी होती, अदिस अबाबाहून सप्टेंबरात आलेली. ती पातळ स्वेटरवर यायची. शाळेच्या ऑफिसात लोकांनी दिलेल्या कोटांचं कपाट होतं. गुरुवारी देवयानी तिला तिथे घेऊन गेली. सोबत मिसेस ग्रँट होत्या, शेजारच्या वर्गाच्या शिक्षिका, वीस वर्षं याच शाळेत.

मिसेस ग्रँटनी निळा कोट काढून पुढे धरला. "हा घेतेस?"

"नो, थँक यू," हिवोत म्हणाली.

"नक्की? खूप थंडी आहे."

"नो, मिस. थँक यू."

मिसेस ग्रँटनी कोट परत अडकवला. मुलगी दाराशी गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ती नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. आपण मुलांवर काही लादायचं नाही, तिचा मान ठेवायचा." यात कोरडेपणा नव्हता. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता.

देवयानी हिवोतकडे बघत होती. दाराशी जाऊन मुलगी थांबली होती. बाहेर गेली नव्हती. कपाटाकडेही बघत नव्हती, बुटांकडे बघत होती.

देवयानीने कोट पुन्हा काढला, तिच्याजवळ गेली. "घे गं," ती चक्क मराठीत म्हणाली आणि कोट तिच्या खांद्यांवर ठेवला. हिवोतने लगेच दोन्ही बाह्यांत हात घातले आणि गळ्यापर्यंत चेन ओढली.

"तुम्हाला कसं कळलं?" मिसेस ग्रँटनी नंतर विचारलं.

"आमच्याकडे तिसऱ्यांदा हो म्हणतात," देवयानी म्हणाली.

"आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही तर?"

*

शनिवारी ती न कळवता रॉकव्हिलला गेली. संक्रांतीचं निमित्त होतं, डब्यात तिळाचे लाडू होते. काकूंनी दार उघडलं, क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, ये. बूट राहू देत, फरशी गार आहे."

हॉलमध्ये खोकी होती. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन होते.

"आवरायला काढलंय," काकू म्हणाल्या. "वरून एक खोकं उतरवायचंय, हात लावशील?"

वरच्या खोलीचं दार उघडं होतं. देवयानी त्या आठवड्यात शेजारच्या खोलीत झोपली होती, हिचं दार तेव्हा बंद असायचं. खिडकीशी लाकडी टेबल होतं. टेबलावर दिवा, दुकानाचं लेबल अजून लोंबत असलेला. पलंगावर घड्या न मोडलेली चादर. टेबलाच्या काचेखाली बसचं वेळापत्रक, पहाटे पाच पस्तीसच्या बसभोवती पेनाने गोल केलेला.

"हे कुणासाठी होतं, काकू?"

"तुझ्यासाठी. तू यायच्या आधी आणलं होतं." काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. "बस चुकली तर मीच सोडणार होते स्टेशनला. मला साडेचारला जाग येतेच."

"मग विचारलं का नाहीत परत?"

"दोनदा विचारलं."

"दोनदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का?"

 काकूंनी सरळ सांगितलं. अनयाचा दहावा वाढदिवस. तिची एक मैत्रीण, मेगन. काकूंनी लाडू पुढे केला, ती नको म्हणाली. परत केला, परत नको म्हणाली. बुजरी मुलगी आहे, लाजते आहे, म्हणून काकूंनी हनुवटीला हात लावून तिच्या तोंडात घातला. लाडू दाण्याच्या कुटाचा होता. मेगनला शेंगदाणा चालत नव्हता. तिचे ओठ सुजले, श्वास अडकू लागला. काकू स्वतः तिला इमर्जन्सीत घेऊन गेल्या, ज्या हॉस्पिटलात त्या काम करत होत्या तिथेच. चार तासांनी धोका टळला.

"तिच्या आईने मला एकच विचारलं. शी सेड नो, डिडन्ट शी? मी डॉक्टर, देवयानी.  त्या दिवसापासून दोनदा विचारते. तिसऱ्यांदा नाही. कुणालाच नाही. हेमचंद्र चिडवायचे, म्हणायचे, तुझ्या घरी पाहुणे उपाशी मरतील."

देवयानीला गुरुवारची ती पोळी आठवली.

"ऑगस्टमध्ये माझी लीज संपते," ती म्हणाली. आवाज वर्गात असतो तसा स्पष्ट ठेवला. "तेव्हा मी इथे राहायला येऊ का? मला यायचंय. तेव्हाही यायचं होतं."

काकूंनी चादरीची कड सारखी केली.

"घर विकलं गं. मार्चमध्ये ताबा. अनया दोन वर्षं मागे लागली होती, आई, इकडे ये. ऑगस्टमध्ये तिला म्हटलं, थांब, वरची खोली भरणार आहे. मग नोव्हेंबरात तिने परत विचारलं. तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं."

खाली कुठेतरी हीटर सुरू झाला. 

"टेबल नेशील?" काकूंनी विचारलं. "तिकडे लागणार नाही मला."

"नको, तुम्हाला..." देवयानीच्या तोंडून निघालं. तिने वाक्य तोडलं. "हो. नेते. दिवाही द्या."

*

टेबल फेब्रुवारीच्या एका शनिवारी आलं. काकूंच्या शेजाऱ्याने व्हॅनमधून आणलं. स्टुडिओत ते खिडकीशी बसेना, हीटर मध्ये येत होता. मग ते ओट्याला काटकोनात लागलं, भिंतीकडे तोंड करून. काचेखालचं वेळापत्रक देवयानीने काढलं नाही.

काकू मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अनयाकडे गेल्या. फोन अजून रविवारीच येतो, पण दुपारी दोनला. तिकडे तेव्हा अकरा वाजलेले असतात.

"पाऊस आहे," काकू म्हणाल्या. "इथे सारखा पाऊसच. तू कशी आहेस?"

"एकटी आहे," देवयानी म्हणाली.

 मागे नळाचं पाणी पडत होतं, कुणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारत होतं.

"इकडे ये ना कधीतरी. सुट्टीत."

"हो, येते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा संपते. तेव्हा येऊ?"

"जून," काकू म्हणाल्या. आवाज खाली आला. "थांब हं. अनयाला विचारून सांगते."

"बरं," देवयानी म्हणाली. फोन ठेवून तिने दिवा लावला आणि उरलेल्या वह्या पुढे ओढल्या.