टोप्या घातलेले बावीस जण

संस्थेचं नाव लांबलचक होतं आणि शेगडी एकच. तीही सिलिंडर आला नाही म्हणून कोपऱ्यात झाकून ठेवलेली. तरी रत्नागिरीत ते 'युवा पाककला प्रशिक्षण' तीन महिने बिनबोभाट चाललं, कारण असल्या प्रशिक्षणाला शेगडीपेक्षा प्रोजेक्टरची गरज जास्त.

वेदिका लांज्याजवळच्या गावातून रोज एसटीने यायची. वडील मुंबईत वॉचमन, आई भातशेती बघायची. कुठल्यातरी हॉटेलात काम मिळावं, एवढीच तिची अपेक्षा. पहिल्याच दिवशी पुण्याहून आलेल्या शौनक सरांनी बावीस मुलांना उंच पांढऱ्या टोप्या वाटल्या, फोटो काढले आणि विचारलं, "स्वयंपाकातला पहिला मसाला कोणता?"

"हळद," मिरकरवाड्याचा सर्वेश म्हणाला.

"चूक. आत्मविश्वास!"

मग महिनाभर आत्मविश्वासच शिजला. आरशासमोर बोलायचं, फुग्यावर आपली भीती लिहून तो फोडायचा. कांदा चिरायचा धडा पडद्यावर झाला. शिकण्यासारखं जे काही होतं ते दुपारच्या डब्यांत. कुळथाचं पिठलं दर घरी वेगळं लागतं, हे आंबा बागायतदारांच्या घरातल्या भार्गवीला तिथेच कळलं.

समारोपाला मोठे पाहुणे आले. टेबलावर कोंबडी-वडे, सोलकढी, मोदक मांडलेले. सगळं सकाळीच एका हॉटेलातून टेम्पोने आलेलं. "डाव हातात धरा आणि हसा," एवढं सांगून सरांनी मुलांना टेबलामागे उभं केलं.

पाहुण्यांनी वडा मोडला. "वा! तू केलास?"

वडे तळताना आईच्या हातावर उठणारे फोड वेदिकेला आठवले.

"नाही," ती म्हणाली. "हॉटेलातून आलेत. आम्ही नुसत्या टोप्या घातल्यात."

शौनक सरांचा चेहरा पडला. पाहुणे मात्र खदखदून हसले. "बघा! खेड्यातली पोर, पण किती धीट! हेच या प्रशिक्षणाचं यश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात शौनक सरांनीच वाजवल्या. पंधरा दिवसांत संस्थेच्या अहवालावर वेदिकेचा फोटो झळकला. नोकरी एकालाही लागली नाही.

शेवटी सर्वेशने ग्रुपवर लिहिलं, 'आता खरंच शिकायचं का?' बाविसांतले सहा आले. एसटी स्टँडमागे येसूबाईंची खानावळ होती, तिथे तो सगळ्यांना घेऊन गेला. येसूबाईंनी प्रमाणपत्रं मागून घेतली, एकावर एक रचली आणि त्यांवर आमटीचं गरम पातेलं उतरवलं.

"कागद जाड आहे हो. येतं काय तुम्हाला?"

"काही नाही," वेदिका म्हणाली.

"ते बरं. अर्धवट येणाऱ्यांचा ताप जास्त. चला, बांगडे धुवा."

तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "हा भात की खळ गो?" असं येसूबाई सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारायच्या. भार्गवी मासे खात नव्हती, पण नाकाला ओढणी बांधून साफ करायला शिकली. सर्वेशचा भात तीनदा करपला, तेव्हा बाकीच्यांनी पातेली घासून दिली.

चार महिन्यांनी एका साखरपुड्याची नव्वद पानांची ऑर्डर होती आणि येसूबाई तापाने पडल्या. ऑर्डर परत करायला कुणी तयार नव्हतं. ऐन वेळी रश्शात मीठ जास्त पडलं. "आता मेलो!" म्हणत सर्वेश डाव टाकून बाहेर निघाला.

"जातोस कुठे? नारळ फोड," वेदिका ओरडली. "भार्गवी, बटाटे चिर. पटापट!"

पंगती उठल्या. पानांत काही उरलं नव्हतं. संध्याकाळी येसूबाई शाल गुंडाळून आल्या आणि त्यांनी रस्सा चाखला.

"मीठ पडलं होतं ना जास्त?"

"हो."

"कोणी सावरलं?"

सर्वेशने वेदिकेकडे बोट दाखवलं, वेदिकेने भार्गवीकडे, आणि भार्गवीने नारळ फोडून हाताची साल निघालेल्या सर्वेशकडे.

येसूबाईंनी मान डोलावली नाही की शाबासकी दिली नाही. "शनिवारी दीडशे माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "भाजी काय करायची ते तुमचं तुम्ही ठरवा."