परवडणारी युद्धनौका

कप्तानाचं पत्र शब्दकोशाखालून ओढून मास्तरांनी खिडकीच्या उजेडात धरलं. येऊन वर्ष उलटलं होतं. उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ते बायकोला सांगत. पण राहून काही गेलं नव्हतं, दिलं नव्हतं.

'मास्तर,' पत्रात लिहिलं होतं, 'नव्या कादंबरीत माझा एक गरीब ग्रह आहे. शेजारचा श्रीमंत ग्रह त्याच्यावर चालून येतोय. गरिबांच्या आरमाराला एक मोठी, सगळ्यांच्या पुढे राहणारी युद्धनौका हवी आहे आणि ती त्यांना परवडली पाहिजे. मी काढतो ती प्रत्येक नौका राजवाड्यासारखी होते. तू आराखडा करून देशील? काटकसर करावी तर तुझ्यासारख्यानंच.'

ते शेवटचं वाक्य मास्तरांना वर्षभर खुपत होतं.

दोघं एकाच गोदीच्या आराखडा विभागात उभं आयुष्य शेजारी बसले होते. कप्तान आखायचा, मास्तर तपासायचे. लाल पेन्सिलीनं चुका दाखवत म्हणून ते मास्तर. आणि बांधून ठेवलेल्या होडीत बसला तरी पोटात ढवळायचं म्हणून तो कप्तान. निवृत्तीनंतर दोघांनीही लिहायला घेतलं. मास्तरांची कादंबरी चौथ्या प्रकरणात अडली आणि कपाटात गेली. कप्तानाच्या अंतराळी आरमाराचे चार भाग निघाले. मुखपृष्ठावर रंगीत नौका, मागच्या बाजूला टाय लावलेल्या कप्तानाचा फोटो. मास्तरांनी पहिल्या भागाची काही पानं वाचली, तीन चुका सापडल्या आणि समाधानानं पुस्तक मिटलं. बायकोनं मात्र चारही भाग वाचून काढले. वाचताना ती हसायची आणि ते हसणं मास्तरांना दुसऱ्या खोलीतही ऐकू यायचं.

पत्र आज बाहेर निघालं ते कप्तानाच्या घरून सकाळी आलेल्या फोनमुळे.

"वहिनी होत्या," बायकोनं येऊन सांगितलं होतं. "भाऊजी आता त्या नौकेसाठी कुणा प्राध्यापकाला गाठणार आहेत म्हणे."

"कसला प्राध्यापक?"

"अवकाशातलाच काहीतरी. फार हुशार आहे म्हणे."

"गाठू दे की. मला काय त्याचं?"

"मीही तेच म्हटलं वहिनींना. ह्यांना काय त्याचं."

ती स्वयंपाकघरात गेली तसा मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

पुढचे काही दिवस जेवण हातात ताट घेऊन झालं. गरीब ग्रहाकडे काय असेल? खाणी असतील, म्हणजे खनिज वाहणाऱ्या जुन्या नौका असतील. मास्तरांनी त्यांचाच सांगाडा घेतला, इंजिनंही तीच, म्हणजे सुटे भाग कुठेही मिळतील. फिरत्या तोफा काढून टाकल्या. एकच लांब तोफ नाकापासून शेपटीपर्यंत बसवली. नेम धरायचा तर अख्खी नौकाच वळवायची. चिलखत फक्त तोंडाला. बाजूंना पाण्याच्या टाक्या, गोठवलेल्या. तेच पाणी प्यायचं, तेच तापवून मागे फेकत पुढे जायचं आणि उरेल तेवढा बर्फ गोळे झेलेल. जितकं जास्त अंतर जावं तितकी ढाल पातळ होत जाणार होती. इथे मास्तर थबकले. हे सुचल्याचं त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. तपासणाऱ्याला असं काही सुचत नसतं.

मग त्यांना पाचव्या भागाचं मुखपृष्ठ दिसलं. त्यावर ही नौका, आणि मागे टाय लावलेला कप्तान.

दोन्ही बाजूंच्या टाक्या जोडणारी एक बारीक नळी होती. एकीकडचं पाणी संपत आलं की दुसरीकडून भरून घ्यायला. मास्तरांनी ती हळूच खोडली, कागदावरचा चुरा फुंकून टाकला आणि पुन्हा पाहिलं. इंजिन आधी डावीकडचंच पाणी ओढणार, म्हणजे आता ती बाजू हलकी होत जाणार, नौका गिरकी घेऊ लागणार आणि तिच्यासकट तोफेचा नेम शेजारच्या मित्रनौकेवर जाणार. कप्तानाच्या हे लक्षात येणार नव्हतं. मास्तरांनी तपासलेला कागद त्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिला नव्हता. एखाद्या वाचकाच्या मात्र लक्षात येईल. तो प्रकाशकाला कळवेल. प्राध्यापक तर पोट धरून हसेल.

मास्तरांना बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवायला जागा शोधता शोधता कागदावर वाकली.

"हीच का ती? फारच साधी दिसते. मला वाटलं, मनोरे-बिनोरे असतील."

"मनोऱ्यांना पैसे पडतात."

"माणसं कुठे झोपतात हिच्यात?"

"इथे. तोफेच्या दोन्ही अंगांना, बर्फामागे."

"आणि खवट?"

"कोण खवट?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही खरंच वाचलं नाहीत? अहो, चारही भागांत आहे तो. म्हातारा तपासनीस. सगळ्यांच्या चुका काढतो, सुतळीचे तुकडे गोळा करतो, चहा गार झाला म्हणून कुरकुरतो आणि तरी तसाच पितो."

मास्तरांचा कपाकडे गेलेला हात मागे आला.

"म्हणजे टिंगल चालवलीय माझी."

"चालवलीच आहे. मी एवढी हसते कुणाला?" तिनं पदरानं चष्मा पुसला. "पण तो फेरी मारून 'ठीक आहे' म्हणेपर्यंत त्या नौकेवर कुणी डोळा मिटत नाही. तेही लिहिलंय भाऊजींनी."

मास्तरांनी कप उचलून एक घोट घेतला. मग विचारलं, "मरत नाही ना?"

"अजून तरी नाही. दर भागात वाटतं, गेला आता." तिनं कागदावर बोट टेकवलं. "त्याला इथे द्या जागा. दाराजवळ. रात्री उठावं लागतं."

ती गेल्यावर मास्तर तसेच बसून राहिले. कपाटातल्या त्यांच्या कादंबरीचा नायक उंच होता, अबोल होता, कधी चुकत नव्हता. त्याला कुणी हसलं नसतं. तो परत आला नाही म्हणून कुणी जागंही राहिलं नसतं. त्यांचं स्वतःचं आयुष्य त्यांच्याच शेजारी बसून कप्तानानं उचललं होतं, आणि बरं उतरवलं होतं. एवढा राग त्यांना त्या चारी मुखपृष्ठांचाही आला नव्हता.

त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. नळी पुन्हा काढली, आधीपेक्षा ठळक, दोन्ही टोकांना झडप घालून. दाराजवळ एक अरुंद बाक आखला आणि त्यावर काहीच लिहिलं नाही. मग चार ओळींचं पत्र लिहिलं. उशीर झाला, आराखडा सोबत आहे, बर्फ संपेपर्यंतच ती लढू शकेल, तेव्हा लढाई घराजवळ ठेव. शेवटी घातलं: 'प्राध्यापकाला दाखवायची गरज नाही.'

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर होती. पाकीट जाड झालं होतं. फटीत थोडं दाबावं लागलं. आत पडल्याचा आवाज आला तरी मास्तर हलले नाहीत. इकडेतिकडे पाहून त्यांनी फटीवरची पत्र्याची झडप बोटानं उचलली आणि एक डोळा मिटून आत डोकावले.